चिऱ्यांवर चढवलेली गाडी

अण्णा, तुमच्या गाडीला परवा गिऱ्हाईक आलं होतं. पुण्याचा मुलगा, जुन्या गाड्यांचा नाद असलेला. मागच्या शेडमध्ये ताडपत्री ओढली आणि तो "ओ हो हो" करत तिच्याभोवती फिरायलाच लागला. अँबॅसिडरमध्ये जपानी डिझेल इंजिन, पाच गिअर, पॉवर स्टिअरिंग, एसी, आणि हे सगळं त्या काळात, रत्नागिरीत बसून! "तुमचे वडील म्हणजे कलाकारच होते हो," म्हणाला. मी म्हटलं, होते खरे. त्या कलाकाराच्या घरात तुला राहायला लागलं नाही म्हणून कौतुक सुचतंय, हे मात्र गिळून टाकलं. तो गेल्यापासून माझं डोकं जे फिरलंय ते अजून ठिकाणावर नाही, म्हणून लिहायला बसलेय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, निदान आता तरी मध्येच तोंड घालणार नाही, ही एक सोय आहे.

गाडी आली तेव्हा मी सातवीत असेन. बोटीवरची इंजिनिअरची नोकरी सोडून तुम्ही कायमचे घरी आला होतात, पावसची आपली आंब्याची कलमं बघायला म्हणून. कलमं बघितली गड्याने. तुम्ही लांज्याच्या एका डॉक्टरांची जुनी अँबॅसिडर घेऊन आलात. अंगणात नारळ फोडला, गुरवाने हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "बा महाराजा, ह्या गाडीला वाटेत कसली आडकाठी येऊ देऊ नको," आणि आम्ही सगळे ओरडलो, "होय महाराजा!" देवाने अगदी शब्द पाळला. गाडी वाटेलाच लागली नाही, मग आडकाठी यायची कुठून? पेढे संपायच्या आत तुम्ही तिचं इंजिन उतरवलंत. हिच्यात दम नाही म्हणालात, बोटीवर फिरताना काय काय गाड्या बघितल्यात मी.

त्याआधी आई दर शिमग्याला माहेरी जायची, गुहागरला. जयगडपर्यंत एसटी, होडीने खाडी पार, पलीकडे पुन्हा एसटी. आई बुटकी, सीटवर बसली की तिचे पाय लोंबकळायचे, उतरेपर्यंत सुजून जायचे. पण काय खुशीत असायची! तिकडे पालखी दारात आली की माहेरवाशिणीने देवीची ओटी भरायची. तिची आई, म्हणजे माझी गुहागरची आजी, तिच्यासाठी पालखी दारात थांबवून धरायची. अख्ख्या वर्षात आईचं असं स्वतःचं तेवढंच होतं. गाडी आली आणि तुम्ही ऐटीत सांगितलंत, "आता एसटीचे धक्के बंद. दारात गाडी असताना माझी बायको स्टँडवर पिशवी घेऊन उभी राहिली तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील. जरा तयार होऊ दे, राणीसारखी नेतो तुला, खाडीला वळसा घालून चिपळूणवरून." आई लाजली होती हो तेव्हा. भाबडी! तिचं ते लाजणं आठवलं की अजून माझं डोकं उठतं.

पहिल्या शिमग्याला जपानी इंजिन मुंबईहून यायचं होतं. पुढच्याला ते आलं, पण बसेना. मिरकरवाड्याचा मिस्त्री, मच्छीमारांच्या लाँचींची इंजिनं बघणारा, तो आणि तुम्ही दिवसदिवस पट्ट्या कापताय, जोडताय, पुन्हा कापताय. मग गिअरची दांडी स्टिअरिंगवरून खाली आणायची. मग पुढची सलग सीट काढून दोन वेगळ्या करायच्या. मग एसी. गाडी जांभ्याच्या चिऱ्यांवर चढवलेली, चाकं भिंतीला टेकलेली, बाहेर आलेले तुमचे दोन पाय. आई चहा घेऊन येते, पदराला हात पुसते, विचारते, "अहो, यंदा तरी होईल ना?" आणि गाडीखालून नुसता आवाज येतो, "घाई करू नको गो. एकदा काय ते नीटच होऊ दे." शेजारचे काका कुंपणावरून ओरडायचे, "काय हो, विमान उडतंय कधी?" तुम्ही हसायचात. आई चुलीच्या धुरात खोकत असायची, आणि तुम्हाला चिंता कसली, तर एसीचा वारा मागच्या सीटपर्यंत कसा पोचेल याची. गॅसची शेगडी घ्या म्हटलं तर म्हणालात, "बघू पुढच्या वर्षी."

एका शिमग्याला तिने गुपचूप पिशवी भरली. ती चप्पल घालत होती तेवढ्यात तुम्ही आलात, पिशवी हिसकावलीत आणि अंगणात ओतलीत. खण, नारळ, तांदूळ, सगळं ओटीचं सामान. "माझी लाज काढायला निघालीस?" म्हणालात. ती तांदूळ मातीतून वेचत बसली, मीही बसले तिच्याजवळ. तुम्ही परत गाडीखाली गेलात. ओटीचे तांदूळ हो, अण्णा! तुमच्या हाताला काहीच कसं झालं नाही?

मग कोपऱ्यावरच्या दुकानात फोन आला की गुहागरची आजी फार आजारी आहे, लेकीला बघायचं म्हणते. त्या दिवशीही इंजिन खालीच होतं. तुम्ही हातातला पाना न ठेवता म्हणालात, "दोन दिवस थांब, बसवतोच."  आईने माझा हात धरला आणि नेसल्या साडीने स्टँडचा रस्ता धरला. फाटकातून तुमचा आवाज येत होता, "अगो, लोक काय म्हणतील!" आई मागे वळली नाही. तिला तुमच्यापुढे असं चालताना मी पहिल्यांदाच बघत होते. जयगडला होडी पलीकडे गेलेली, ती परत येईपर्यंत आम्ही धक्क्यावर बसून होतो.

आम्ही पोचलो तेव्हा माणसं स्मशानातून परतत होती. मामी आईच्या गळ्यात पडली आणि रडता रडता म्हणाली, "एसटीनेच आलीस गो? म्हातारीने तुझी गाडी आत यायला हवी म्हणून अंगणाचा गडगा पाडून ठेवलान. गुरं शिरून भाजी खायची, पण परत घालू दिलान नाही. दर शिमग्याला पडवीत बसून हॉर्न वाजतो का ऐकत राहायची." त्या दगडी गडग्यातली वाट मी बघितली. अँबॅसिडर आरामात आत आली असती. दगड बाजूला नीट रचून ठेवले होते, वर गवत आलं होतं.

गाडी नंतर झाली तयार, नाही कशी! गणपतीत तुम्ही ती दारात आणलीत, काचा वर, एसी चालू. आतून दार उघडून आईला म्हणालात, "चल, बस." ती म्हणाली, "दूध उतू जाईल," आणि आत गेली. त्यानंतर तुम्ही जाईपर्यंत कधी दूध, कधी निवडणं, कधी डोकं दुखतंय. एकदाही बसली नाही. तुम्ही एकटेच एसीच्या थंडगार वाऱ्यात बंदरापर्यंत जायचात आणि परत यायचात. बरं झालं, असं मी तेव्हा म्हणायचे. अजूनही म्हणते.

पण परवा तो पुण्याचा मुलगा पुढच्या डाव्या सीटवर बसला आणि बुचकळ्यात पडला. "ही सीट अशी का हो? एवढी उंच, एवढी पुढे? आणि पायाखाली हा लाकडी पाट कशाला ठोकलाय?"  मी तडक आईकडे गेले. ती पडवीत कुळीथ निवडत होती. आता ऐंशीच्या घरात आहे, पण कान तिखट आहेत. विचारलं, "त्या सीटचं तुला माहीत होतं?"

"न माहीत असायला काय झालं? माप घेतलं ह्यांनी तेव्हा मीच बसले होते ना खुर्चीवर. पाय टेकतात का बघायला पाट खालीवर करत होते."

"मग बसली का नाहीस कधी?"

"कुठे जायला?" म्हणाली, आणि कुळथातला खडा उचलून बाहेर टाकला.

तुमचा पत्ता असता तरी हे पत्र टाकलं नसतं, कारण पुढचं वाचून तुम्ही खूश झाला असतात. त्या मुलाला मी गाडी विकायची नाही म्हणून कळवलंय. काल दुपारी आई झोपल्यावर शेडमध्ये गेले आणि त्या सीटवर बसले. माझी उंची आईचीच. पाय बरोबर टेकले, अण्णा. तुमची इतकी चीड आली, आणि तरी कितीतरी वेळ मला तिथून उठवेना.