वायव्येची पोकळी

३ फेब्रुवारी, सोमवार

चिमणीला पोकळी सापडली. आमच्या गटात येऊन तिला जेमतेम आठ महिने झाले. या दीर्घिकासमूहावर मी चार वर्षं घालवली. गाभ्यातल्या तप्त वायूत, वायव्येला, क्ष-किरणांत चक्क एक अंधारी जागा. सरांनी सगळ्यांना संगणकाच्या पडद्यापाशी बोलावलं. “चिमणे, कमाल केलीस.” मग माझ्याकडे वळून – “तुला कधी दिसलं नाही का गं हे?”

नाही दिसलं. मी वायू वर्तुळाकार कड्यांत वाटला आणि प्रत्येक कड्याची सरासरी घेतली. सरासरीत खड्डा बुजतो. नव्या मुलांना हे मीच शिकवते.

५ फेब्रुवारी

आईचा फोन. “आवाज का पडलाय?” सर्दी म्हटलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

तिचं चित्र गुपचूप तपासलं. कॅमेऱ्याच्या दोन चिपांमधली फट नेमकी तिथून जाते. फटीवर क्ष-किरण कमी नोंदले जातात. म्हणजे पोकळी नसेलच – नुसती फट. इतकं बरं वाटलं की भूक लागली.

तेवढ्यात ती चहा घेऊन आली. “ताई, मंगळवारच्या भाषणाआधी एकदा नजर टाकाल? काही चुकलं असेल तर आत्ताच कान धरा.”

“बघते,” म्हटलं. पडदा आधीच बंद केला होता.

८ फेब्रुवारी, शनिवार

खात्री करायला दुसरं निरीक्षण उघडलं. दोन वर्षांपूर्वी मी अर्ज करून मिळवलेलं. त्या वेळी दुर्बीण वेगळ्या कोनात होती, त्यामुळे फट भलतीकडे गेली आहे. पोकळी जागची हललेली नाही. खरी आहे.

तिच्या भाषणात फक्त पहिलं निरीक्षण आहे. फटीबद्दल कोणीतरी विचारणारच, आणि उत्तर माझ्याकडे आहे. एक चित्र, दोन ओळींची मेल.

नाही पाठवली. उद्या.

९ फेब्रुवारी

नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पाहुण्या प्राध्यापकांनी तिसऱ्याच मिनिटाला विचारलं, “ही चिपांमधली फट तर नव्हे?” चिमणी पाणी प्यायली. तिने माझ्याकडे पाहिलं. “एवढ्या निरीक्षणावरून नाही सांगता येणार.” मागच्या रांगेतून कोणीतरी – “चिमणी उडाली!” लोक हसले. मी मान खाली घालून वहीत तारीख लिहिली. पुन्हा तीच तारीख लिहिली.

१२ फेब्रुवारी

जिन्यात सर भेटले. वैतागलेले. “तुझं निरीक्षण वर्षापूर्वीच सर्वांना खुलं झालंय. वापर, म्हणून दहादा सांगितलं तिला. तिने ते गेल्या आठवड्यातच तपासलंय, पोकळी त्यातही आहे! पण दाखवायला तयार नाही. म्हणते, ते ताईंनी मिळवलंय, त्यांना केव्हाच दिसली असेल, आधी त्यांचं छापून येऊ दे. आता तूच समजाव तिला.”