चादरीचं दुसरं टोक

ती. आईस,
धाकटीचा नमस्कार.

मी मजेत आहे. अक्षर वाकडं दिसलं तर पेनाला बोल लाव, हातांना काही झालेलं नाही. तुझा गुडघा कसा आहे?

हॉस्पिटलच्या धुलाईघरात यंत्रांचा एवढा गोंगाट असतो की बोलणं फक्त घडी घालताना होतं. चादरीची टोकं जुळवायला जवळ आलो की एक वाक्य, मग पुन्हा लांब.

माझी जोडीदारीण पन्नाशीची आहे. परवा म्हणाली, "पाळी थांबली गं." माझा चेहरा पडला. पुढच्या चादरीच्या वेळी म्हणाली, "घरी जाऊन नाचले मी."

हे बाबांना वाचून दाखवू नकोस.

आपणही घड्या घालायचो, पण तू फक्त "नीट धर" म्हणायचीस. तुझी थांबली तेव्हा तू रडलीस की नाचलीस? मी आले की घरातली सगळ्यात मोठी चादर धुवायला काढ.

तुझी,
नीट धरणारी धाकटी