सुगंधाबाईची ठेव

४ सप्टेंबर
आले बापा एकदाची चंद्रपूरला! चिमूरहून येताना मांडीवर आईने दिलेला लाखोळीच्या डाळीच्या वड्यांचा डबा, आणि वास अख्ख्या एस.टी.त. जटपुरा गेटाजवळ खोली मिळाली. खिडकीतून कोळशाची धूळ येते, पण खोली माझी एकटीची आहे, तेव्हा धूळही गोड.

प्रयोगशाळा पाहून तर हरखूनच गेले. आमचं काम असं की, स्तनाच्या कर्करोगाच्या गाठीचा तुकडा दवाखान्यातून आमच्याकडे येतो. त्यातल्या पेशी चपट्या बाटल्यांत वाढवायच्या, अंगाइतकी ऊब असलेल्या कपाटात ठेवायच्या. मग औषध घालून बघायचं, कोणत्या मरतात आणि कोणत्या दाद देत नाहीत. आमच्या प्रमुख स्वातीमॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं की बाटलीवर नंबर टाकायचा, नाव नाही. आणि पेशंटमध्ये जीव गुंतवायचा नाही. मी मान डोलावली. जीव न गुंतवणं मला कधी जमलंय!

१२ सप्टेंबर
आज वॉर्डात सुगंधाबाईंची संमतीची सही घ्यायला गेले. कुरखेड्याकडच्या, धानाची शेती. रोग हाडांत पसरलाय, औषधं लागू पडत नाहीत. तरी बाई हसतमुख. धान कापताना विळ्याने डाव्या पायाची करंगळी गेलेली, तो पाय पुढे करून म्हणाल्या की एक बोट वावराने घेतलं, आता गाठ तू घे.

त्यांची आईही याच रोगाने गेली. लेक रंजीता उशाशी बसली होती. या पेशींवर अभ्यास झाला तर उद्या लेकीसुनांना औषध मिळेल, असं मी समजावलं, तर त्यांनी माझा हात गच्च धरला. "माही गाठ सांभाळजो रिनाबाई, फेकू नोको. माह्या रंजीताले हे नाई झालं पाह्यजे." सांभाळीन म्हटलं, तेव्हा कुठे हात सोडला.

२९ सप्टेंबर
पेशंटच्या पेशी बाटलीत सहसा रुसतात आणि मरतात. सुगंधाबाईंच्या मात्र धानाच्या पऱ्ह्यासारख्या, कोवळ्या रोपांसारख्या तरारल्या आहेत. औषध घातलं की बाकीच्या मरतात, या ढिम्म. मॅडम खूश आहेत, त्यांना अशाच हव्या होत्या. मी रोज सकाळी कपाट उघडून विचारते, काय बाई, झोप झाली का?

१८ ऑक्टोबर
सुगंधाबाई गेल्या, गावीच, बारा दिवसांपूर्वी. रंजीता सांगायला आली होती. पोरगी अर्धी झाली आहे. म्हणाली, दहाव्याला घरात पीठ पसरून वर टोपलं झाकलं होतं. सकाळी त्यावर पाखराचं, मुंगीचं, कुणाचं तरी पाऊल उमटतं, त्यावरून जीव कुठे गेला ते कळतं. पण पीठ जसंच्या तसं. गावात म्हणतात, बाई गेलीच नाही.

मी विहारात वाढलेली, आत्माबित्मा मानत नाही. पण तिचं तोंड बघवेना. तिला मायक्रोस्कोपसमोर बसवलं आणि म्हटलं, बघ, तुझी आई इथे जिवंत आहे. किती तरी वेळ तिने डोळा काढला नाही. मग बाटली गालाला लावून बसली. मला रडू आवरेना.

६ नोव्हेंबर
काय करून बसले मी!

रंजीताच्या छातीत गाठ आहे. मॅडम म्हणाल्या सुईने तपासून घे, तर ती हसली. "माय आली माह्याकडे. तुमीच त दाखवली मले, जिती हाये म्हून. आता तिले सुई टोचू देऊ का?" मी ओरडलेच तिच्यावर, की अगं तो रोग आहे, आई नाही. तिने शांतपणे विचारलं, मग बाटलीत दाखवलं ते काय होतं?



१३ नोव्हेंबर
मॅडम तडकल्या. दुसऱ्या पेशंटच्या बाटल्या तपासल्या, तर त्यांतही सुगंधाबाईंच्याच पेशी. माझा हात स्वच्छ नाही म्हणतात. पण त्या बाटल्यांना मी हातच लावला नव्हता.

रंजीताने अट घातली आहे. कपाटासमोर पीठ पसरा. मायचं पाऊल बाहेर जाताना उमटलं तर समजीन ती गेली, मग गाठ खुशाल कापा.

बाटलीत पेशी जिवंत असेपर्यंत ती मानायची नाही. सगळ्या बाटल्यांत ब्लीच ओतलं. मॅडमना विचारलं नाही. शब्द मोडला मी, सुगंधाबाई. पण तुमच्या लेकीसाठीच ना —

१५ नोव्हेंबर
तांदळाचं पीठ पसरलं. उद्या रंजीता यायच्या आत माझंच पाऊल उठवणार आहे. खोटं तर खोटं. पोरगी जगली पाहिजे.

१६ नोव्हेंबर
उठवलं. डावं. बोटं दाराकडे. पाचही नीट उमटली. पाय पुसून दारात उभी राहिले.

रंजीता आली. पिठापाशी बसली, आणि हंबरडा फोडला. मायच हाये म्हणे. गेली माय.

मी वाकून पाहिलं.

करंगळी नाही.

चप्पल काढून माझा पाय बघितला. पाच बोटं आहेत. पुन्हा बघितला —

रंजीता दुपारीच भरती झाली.

२५ नोव्हेंबर
गाठ काढली. साधी निघाली. कर्करोग नाही! रंजीता गळ्यात पडून रडली. मीही.

कपाट रिकामं आहे. बंद आहे. तरी हात लावला की ऊब लागते. मॅडमना लागत नाही.

२ डिसेंबर
पाऊल दाराकडे होतं. दारात मी उभी —

आंघोळ करताना डाव्या काखेजवळ हात — नाही. काहीतरीच. साबण असेल —

आहे.

फेकू नोको म्हणाल्या होत्या. सांभाळीन म्हटलं होतं मी.

आईचा फोन वाजतोय. पुन्हा वडे पाठवू का, एवढंच विचारणार ती. काय सांगू तिला? सुगंधाबाई, तुमची लेक वाचली, बरं झालं, खरंच बरं झालं. पण मीसुद्धा कुणाची तरी लेक आहे हो. माझ्या आईने आता कुणाचा हात धरायचा —