हिमेनाने घेतलेली शाखा

ब्युनोस आयर्स,
रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय किडकिड्या लेआंद्रो,

तुला, क्लाराला आणि दोन्ही पोरींना माझे खूप खूप पापे. इथे सगळं ठीक आहे. जॅकरंडा असा काही फुललाय की आपल्या फुटपाथवर जांभळा चिखल झालाय. काल त्यावरून घसरले, पण पडले नाही. आईची तब्येत छान आहे. सकाळी मातेचा कडू चहा पीत पेपर वाचते, दुपारी घरीच मनोविश्लेषणाचे पेशंट बघते, आणि तुझा विषय निघाला की अजूनही म्हणते, "तुझा भाऊ प्रतिकार करतोय." मानसोपचाराचं शिक्षण अर्धवट सोडून तू डोंगरात साधा फॅमिली डॉक्टर झालास याला बारा वर्षं होत आली, पण तिच्या लेखी तुझा प्रतिकार काही संपलेला नाही.

फोन सोडून पत्र का, असं म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. 'तिकीट काढ आणि ये' म्हणतोस आणि मोकळा होतोस. शिवाय या घरात भिंतींना नुसते कान नाहीत, त्या ऐकून झाल्यावर अर्थही लावतात.

तू विचारलं होतंस, मानसोपचारातली रेसिडेन्सी संपत आली, पुढे कोणती शाखा घेणार? सांगते. आधी माझ्याबरोबरच्या बाकीच्यांचं ऐक.

रोसिओने मुलांचा विभाग घेतला. का, तर म्हणे मुलं खोटं बोलत नाहीत. पहिल्याच आठवड्यात सहा वर्षांच्या एका कारट्याने तिला सांगितलं की त्याचे बाबा अंतराळात असतात. हिने दोन पानं लिहिली, वियोग काय, पोकळी काय. बाबा खाली बस लावून मुलाची वाट बघत होते. एसेकिएल कोर्टाच्या कामात गेला, म्हणजे आरोपी शुद्धीवर होता की नाही ते न्यायाधीशाला सांगायचं. आता तो कँटीनमध्येसुद्धा साक्ष देतो. "उपलब्ध पुराव्यानुसार हे मिलानेसा कटलेट गार आहे." दामियानने व्यसनमुक्ती घेतली आणि त्याच आनंदात परत सिगारेट सुरू केली. दुसऱ्या वॉर्डांतून बोलावणं आलं की धावायचं, ते काम मी सहा महिने केलं. सर्जन फोन करतात, "पेशंट रडतोय, तुमच्याकडची एखादी गोळी द्या." जाऊन बघावं तर माणसाचा पाय काढायचा ठरलेला असतो आणि ते त्याला सोडून सगळ्यांना माहीत असतं. काम आवडलं मला.

पण सगळ्यात जास्त मुलांचंच आवडलं होतं. हे तुला ठाऊक आहे, म्हणून तर तू तुमच्या एस्केलच्या हॉस्पिटलातली ती जागा माझ्यासाठी धरून ठेवायला लावलीस. पूर्ण जिल्ह्यात मुलांचा मानसोपचारतज्ज्ञ नाही, तुझ्या घरापासून चालत दहा मिनिटं, खिडकीतून डोंगर. हॉस्पिटलचं पत्र मी इतकं वाचलं की घडीवर फाटलं.

मग राहिला म्हाताऱ्यांचा विभाग. तो कोणालाच नको असतो. आमच्याकडे तो कॉरिडॉरच्या पार टोकाला आहे, दोन खोल्या, उकडलेल्या भोपळ्याचा वास. या हिवाळ्यात, जून-जुलैत, माझी तिथे पाळी होती. तिथल्या डॉक्टर बाईंनी मला एक गोष्ट शिकवली. म्हणाल्या, "विसरायला लागलेली हुशार माणसं पटकन सापडत नाहीत. शब्द सुचला नाही तर विनोद करतात. नाव आठवलं नाही तर 'माझ्या राजा' म्हणतात. सगळ्यांनाच राजा म्हणायला लागले की समजायचं."

आई हल्ली सगळ्या पेशंटांना राजा म्हणते.

हे मला तेव्हा खटकलं नाही, असं आत्ता लिहिणार होते. पण खटकलं होतं. हिवाळाभर खटकत होतं. मी पाळी संपवून घरी यायचे आणि दारात कोट काढता काढता कान द्यायचे.

लेआंद्रो, ही गोष्ट लपली कशी ते ऐक, तुला हसू येईल आणि मग येणार नाही. बेल्त्रामेबाई आठवतात ना, तीस वर्षं आईच्या कोचावर पडून बोलणाऱ्या? त्या मला लिफ्टमध्ये भेटल्या, डोळे पुसत. "तुझी आई म्हणजे देवमाणूस! आज तिने मला माझ्या थोरल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. तीस वर्षांत इतकं नेमकं मर्मावर कोणी बोट ठेवलं नव्हतं." दुसरा एक जण, आर्किटेक्ट, दहा मिनिटांत बाहेर आला. आईने 'आपण इथेच थांबू' म्हणून उठवलं होतं. तो जिन्यात स्वतःशीच म्हणत होता, "काय कापलं! काय कापलं!" बोलणं ऐन मुद्द्यावर तोडायचं ही या लोकांची पद्धतच, त्यामुळे त्याला धन्य वाटलं. आई फक्त विसरली होती की तो आत्ताच आलाय.

आपल्या शहरात विश्लेषक गप्प बसला तर ते मौन असतं आणि चुकला तर तो संकेत असतो. दुसऱ्या कुठल्या धंद्यात म्हातारपण इतकं छान लपत नसेल. उलट आईकडची गर्दी वाढली आहे.

इथवर तरी कोणाचं काही बिघडत नव्हतं, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. मग गेल्या रविवारी माझी ड्यूटी होती. दुपारी तार्सितानो आले, आईचे जुने पेशंट, तेच, ॲकॉर्डियन दुरुस्त करणारे, नाताळला आपल्याला बदामाची वडी आणायचे ते. बायकोने धरून आणलं होतं. चालताना झोकांड्या जात होत्या, हात असे थरथरत होते की पाण्याचा पेला अंगावर सांडला. मी विचारलं, केव्हापासून? तर हसले. "घाबरू नका, डॉक्टर. तुमच्या आईने मुद्दाम केलंय. मी वडिलांना फार भ्यायचो, पण त्यांच्यापुढे कधी थरथरलो नव्हतो. ते राहूनच गेलं होतं. आता थरथरतोय. काम चाललंय."

बायकोने पर्समधून चिठ्ठी काढून दिली. आईचं सुंदर वळणदार अक्षर. लिथियमच्या गोळ्या, नेहमीच्या दुप्पट. महिनाभर माणूस विष घेत होता आणि आपण बरे होतोय असं समजून आनंदात होता.

ते वाचले. सलाईन लावलं, रक्त तपासलं, मूत्रपिंडं शाबूत आहेत. गुरुवारी घरी गेले. पण ऐक पुढे. त्या रविवारी संध्याकाळच्या राउंडला आमचे प्रमुख इतुराल्दे आले आणि म्हणाले, "हे कसं झालं?" आणि मी म्हटलं, "गोळ्या मोजण्यात यांचा घोळ झाला, सर." पेशंटवर ढकललं मी. आपलेच दात, आपलेच ओठ. आणि तार्सितानो पलंगावरून माझ्याकडे बघत मान डोलवत म्हणाले, "हो हो, माझंच चुकलं. माफ करा."

सोमवारी मी आईला सांगितलं. स्वयंपाकघरात, पेशंट यायच्या आधी. सगळं, तार्सितानोंसकट. ती नेहमीसारखी ऐकत होती, मान किंचित कलती, चेहऱ्यावर काही नाही. मला वाटलं कळलं हिला. मी तर रडायच्या बेताला आले होते. मग ती म्हणाली,

"माझी जागा तुला इतकी हवी आहे?"

"आई, मी जागेचं नाही बोलत. तुझ्या प्रकृतीचं बोलतेय."

"तेच ते, पोरी. आई आजारी पडावी असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. तुझ्या विश्लेषकाशी बोल. आपण इथेच थांबू." आणि उठून गेली, कारण बेल वाजली होती.

तुला हे काही नवीन नाही. आपल्याला लहानपणी गोवर झाला तेव्हासुद्धा 'हा कशाचा निषेध?' असं विचारलं होतं तिने. या घरात कोणाला आजार होत नाही, फक्त इच्छा होतात. मी खरं बोलले तरी ती माझीच इच्छा, गप्प बसले तरी माझीच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मला राग येतो, लेआंद्रो. तिचा येतो, मग तुझा येतो, की तू वेळेवर निघालास. मग परत तिचा चष्मा पुसून ठेवते.

सोनारानेच कान टोचावेत म्हणतात, म्हणून गुरुवारी मी इतुराल्देंकडे गेले आणि सगळं कबूल केलं. मला वाटलं होतं ते चिडतील, निदान मला बाहेर काढतील. ते खुर्चीत मागे रेलले.

"नोएमी? तुझी आई विसरते? अगं, तिचं मौन प्रसिद्ध आहे."

"सर, मौन नाही. तिला वार आठवत नाही."

"वार तिला कधीच आठवत नसे." मग एकदम हळू आवाजात म्हणाले, "मी अकरा वर्षं तिच्या कोचावर होतो, हिमेना. माझी आई गेली तेव्हा मी तिथे पडून ओरडलोय. मी तिला विचारू, आज कोणता महिना म्हणून? माझ्याने नाही होणार."

असे एकेक. मी यादी आठवून बघितली. जो कोणी तिला तपासू शकेल तो एक तर तिच्या कोचावर पडून गेलाय, नाही तर तिचा विद्यार्थी आहे, नाही तर तिच्याशी भांडलेला आहे, म्हणजे त्याचं ती ऐकणार नाही. सोनार कुठून आणू?

शेवटी तेच म्हणाले, "म्हाताऱ्यांच्या विभागात जागा रिकामी आहे. तू घे. दोन वर्षं शीक. तिथल्या बाईंशी मी बोलतो, घरी चहाला म्हणून घेऊन जा त्यांना. हळूहळू होईल. तोवर तू आहेसच की घरी." तोवर तू आहेसच. हे त्यांनी इतक्या प्रेमाने म्हटलं की शुक्रवारी मी जाऊन त्या जागेसाठी सही केली.

त्या सोमवारपासून आईचं चिठ्ठ्यांचं पॅड माझ्या बॅगेत आहे. ती शोधते, मी तिच्याबरोबर शोधू लागते. गोळ्यांवाले पेशंट मी एकेक करून रोसिओच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे पाठवते आहे. त्यांना सांगते, आई आता फक्त बोलण्याचंच काम करणार. तार्सितानोंकडे जाऊन चूक कोणाची ते सांगून आले. त्यांनी ऐकून घेतलं आणि बायकोला माते ठेवायला सांगितलं. मला म्हणाले, "आईला बोलू नका हं काही." उरलेले पेशंट आईपुढे पडून बोलतात आणि मी शेजारच्या खोलीत दार किलकिलं ठेवून बसते. काल दोन तास बसले होते. हॉस्पिटलात असते तेव्हा जीव इथे, इथे असते तेव्हा या खोलीत हवाच नाही असं वाटतं. मी तिशीची आहे आणि परत तुझ्या जुन्या पलंगावर झोपते, कारण तिथून तिचं दार दिसतं.

तू ये, असं मी लिहिणार नाही. आलास तर ती म्हणेल प्रतिकार संपला, आणि तू तिसऱ्या दिवशी भांडून जाशील. तरी पण ये.

आज दुपारी रावियोली केले होते. आई चीज किसत होती. मधेच थांबली आणि म्हणाली, "पोरी, कोणती शाखा घ्यायचं ठरवलंस?"

शुक्रवारी मी सही करून आल्यापासून ती हे विचारतेच आहे. मी प्रत्येक वेळी पहिल्यांदाच सांगतेय अशा आवाजात सांगते.

"म्हाताऱ्यांची."

"म्हाताऱ्यांची? पण तुला तर मुलं आवडतात."

"आवडतात अजून."

"मग?" तिने किसणी खाली ठेवली, हात फडक्याला पुसले आणि माझा हात धरला. तेव्हा तिचे डोळे अगदी जुने होते, अर्धं शहर ज्यांच्यापुढे खरं बोलायचं ते. "कोणी भरीस घातलं का तुला? कोणासाठी अडकून राहू नकोस हं. तुझ्या भावालाही मी हेच सांगितलं होतं, स्टेशनवर. जा म्हटलं, बाळा, मागे बघू नकोस."

ती स्टेशनवर आली नव्हती. दारापर्यंतही आली नव्हती, तू बॅगा उचलल्यास तेव्हा तिने रेडिओ मोठा केला होता. पण तिला आता हे असं आठवतं, आणि ते सांगताना तिचा चेहरा इतका निवळला होता की मी दुरुस्त केलं नाही. तूही करू नकोस. ठेवून घे.

"सांग ना," ती म्हणाली. "तू स्वतः निवडलंस ना हे?"

मी म्हटलं, "हो आई, मी स्वतः निवडलं."

"मग चांगलं आहे," ती म्हणाली, आणि परत चीज किसायला लागली.

तेव्हा एस्केलच्या हॉस्पिटलात उद्याच कळव, माझी वाट बघू नका म्हणावं. मुलं थांबली आहेत, दुसरं कोणीतरी लवकर मिळू दे त्यांना. त्यांनी कारण विचारलं तर तूही तेच सांग, बहिणीने स्वतः निवडलं. तुझ्या तोंडून ऐकलं की त्यांना खरं वाटेल.

तुझी, इथलीच,
हिमेना