टाचेतली करणी

राजापूर,
१९ जानेवारी २०२५

चि. रामा यास ताईचे पोटभर आशीर्वाद.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. तुझा फोन पडवीत मोठ्या आवाजावर बोलतो आणि आपल्या दोघांचं बोलणं साऱ्या वाडीला ऐकू जातं. शिवाय फोनवर तू सगळ्यालाच 'बरं आहे' म्हणून मोकळा होतोस. कागदावर खोटं लिहिताना माणसाचा हात अडखळतो, आणि तुझं अक्षर मी लहानपणापासून ओळखते.

टाच कशी आहे? रत्नागिरीच्या डॉक्टरीणबाईंनी तुला मऊ तळव्याच्या चपला दिल्या, घरातसुद्धा घालायला सांगितल्या. पहाटे उठण्याआधी पाऊल ताणायचं, गार पाण्याची बाटली टाचेखाली फिरवायची, हेही सांगितलं. एवढं केल्यावर एव्हाना उतार पडायला हवा होता. पण माझी नात सानिका परवा तुला एसटी स्टँडवर पाहून आली. म्हणाली, मामाआजोबा बगळ्यासारखे चालतात. पोरगी हसली, मी नाही हसले.

शिमगा जवळ आला. देवीच्या पालखीचा पुढला खांदा आपल्या घराण्याचा मान. बाबांनंतर तूच तो दिलास. या वर्षी पालखी घेऊन नाचणं झेपेल का? खरं काय ते लिही.

सगुणेला विचारलं म्हणून सांग. तुझ्या पायांची वाट पाहणारी,
ताई


वरची वाडी,
२८ जानेवारी २०२५

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तू विचारलंस म्हणून लिहितो, एरवी हे कुणाजवळ बोललो नसतो. सकाळी पहिलं पाऊल टेकलं की टाचेत खिळा ठोकल्यासारखं होतं. चार पावलं चाललो की जरा सैल पडतं, बसून उठलो की पुन्हा तेच. हे गणपतीनंतर सुरू झालं, आणि मला आता वाटतं की हे दुखणं साधं नाही.

बघ, मी खांदा दिला नाही तर मान कुणाकडे जाईल? चुलतघरी, म्हणजे बाबूकडे. आणि हाच बाबू रोज सकाळी मधल्या दगडी गडग्यापलीकडून विचारतो, दादा, टाच कशी आहे? त्याला इतकी पंचाईत कशाला? दिवाळीला तो हातखंब्याहून माझ्यासाठी तेलाची बाटली घेऊन आला. मी मागितली नव्हती. चार दिवस चोळलं आणि दुखणं दुप्पट झालं. कालच्याला करवंदीचा काटा मोडला, तोही नेमका दुखऱ्या टाचेत. याला योगायोग म्हणायचं तर म्हण.

शिमग्याआधी देवळात मानकऱ्यांची बैठक बसेल. तिथे मी गाऱ्हाणं घालणार. बाबूने देवीच्या पायरीवर हात ठेवून सांगावं की त्याने काही केलेलं नाही. तेलाची बाटली तुझ्याकडे धाडतो. माझ्या घरात ती नको.

चपला घेतल्या आहेत, काळजी नको. तुझ्या मायेवरच उभा असलेला,
रामा


राजापूर,
६ फेब्रुवारी २०२५

चि. रामा यास आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटाही.

बाटली पोचली. दोन रात्री मी ते तेल माझ्या गुडघ्याला चोळलं. निलगिरीचा वास सुटला, आमचं मांजर घर सोडून शेजारी राहायला गेलं, यापलीकडे काही घडलं नाही. गुडघा होता तसाच आहे. करणी कुणी केलीच असेल तर त्या तेल विकणाऱ्याने बाबूवर केली. पैसे गेले ते त्याचे.

संशय मलाही येतो रे, पण तो बाबूचा नाही. तू लिहितोस की चपला घेतल्या. घालतोस असं कुठेच लिहिलं नाहीस. आणि तो काटा? डॉक्टरीणबाईंच्या चपलेचा तळवा मी हाताने दाबून पाहिला होता, दोन बोटं जाड आहे. करवंदीचा काटा काय, आगरातला खिळा त्यातून वर येणार नाही. तुझ्या टाचेपर्यंत तो पोचला कसा?

उत्तर दे, आणि सरळ दे. तुझी पाठ सोडणार नाही अशी,
ताई


वरची वाडी,
१७ फेब्रुवारी २०२५

ती. वन्संना सगुणाचा वाकून नमस्कार.

तुमचं पत्र ह्यांनी वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि उत्तर लिहायचं नावच काढत नाहीत. म्हणून मीच लिहिते. ह्यांना सांगू नका.

वन्सं, चपला भाताच्या कणगीमागे आहेत. पौषातल्या पौर्णिमेला हे देवळात गेले आणि येताना अनवाणी आले. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, देवीला बोलून आलेत की टाच बरी होऊ दे, पालखी खांद्यावर येईपर्यंत पायात काही घालणार नाही. नवस उघड केला तर फुकट जातो म्हणून तुमच्यापासून लपवलं. रत्नागिरीला जाताना तेवढ्या चपला घालतात, लोकांनी विचारू नये म्हणून, आणि परत येताना वाडीच्या तोंडाशी उतरल्या उतरल्या काढतात. एरवी कातळ असो की आगर, सगळीकडे अनवाणी. टाच रोज वाढते. जेवढी वाढते तेवढा ह्यांचा बाबूभावोजींवरचा राग वाढतो.

विहीर भावोजींच्या हद्दीत आहे, पाणी दोन्ही घरं भरतात. देवळात त्यांना शपथ घ्यायला लावली तर उद्या मी कोणत्या तोंडाने कळशी घेऊन जाऊ? आत्ताच जाऊबाई ताक मागायला येईनाशा झाल्यात. काही तरी करा.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नका.
सगुणा


राजापूर,
२२ फेब्रुवारी २०२५

चि. रामा यास अनेक आशीर्वाद.

मला सगळं कळलं. कुणी सांगितलं ते विचारू नकोस, आणि सगुणेकडे बघूही नकोस. नवस मला कळला म्हणजे तुझ्या हिशेबाने तो मोडला. त्याचं पाप माझ्या माथी घाल, मला सवय आहे.

अरे, डोळा दुखतो म्हणून डोळ्यात मिरची घालणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता. तो माझ्याच घरात निघाला. टाचेला आराम मिळावा म्हणून टाचेलाच दगडगोट्यांवर हाणतोस, आणि ती ओरडली की बाबूचं नाव घेतोस. देवी आपली आई आहे. लंगडणाऱ्या लेकराच्या पायातलं काढून घेणारी आई तू कुठे पाहिलीस?

तुझं मन असं ऐकणार नाही, म्हणून रीतीनेच जा. गुरवाकडून कौल लाव. अनवाणी राहण्याचा नवस तिला हवा की त्याऐवजी ओटी भरलेली चालेल, हे तिलाच विचार. उजवा पडला, म्हणजे ओटी चालते म्हणाली, तर तिथल्या तिथे चपला घाल. डावा पडला तर मी स्वतः येऊन तिच्याशी भांडेन.

बाबूचं म्हणशील तर तो शपथ घेईल. हसत घेईल. मग तू खोटा पडशील आणि दोन घरांमधला गडगा माणसाच्या उंचीचा होईल. दगड रचणं सोपं असतं रे. आपण दोघं म्हातारे, उतरवायला कोण येणार? संशय घ्यायचाच असेल तर आधी स्वतःच्या पायांचा घे.

तुझ्या भल्यापायी कडू बोलणारी,
ताई


वरची वाडी,
२१ मार्च २०२५

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला, रागावू नकोस. सांगायचं बरंच होतं आणि ते घडल्याशिवाय लिहिता येत नव्हतं.

कौल लावला. पहिल्यांदा उजवा पडला. गुरवाचा हात हलला असं मला वाटलं, म्हणून पुन्हा लावायला सांगितला. तोही उजवा. गुरव म्हणाला, तिसऱ्यांदा विचारलंस तर देवी तुझ्या कानाखाली वाजवेल. ओटी भरून चपला घातल्या. पाऊल ताणतो, बाटली फिरवतो. सकाळचा खिळा आता टाचणीवर आलाय.

पण पालखी घेऊन नाचण्याजोगा पाय झाला नाही. बैठकीच्या आदल्या दिवशी बाबूच्या पडवीत गेलो आणि या वर्षी पुढला खांदा तू दे म्हटलं. तो नाहीच म्हणत होता. दादाच्या जागी उभा राहणार नाही, गाव नावं ठेवेल, म्हणाला. तेव्हा माझ्याने राहवलं नाही. त्याच्याबद्दल मनात काय काय आणलं ते सगळं बोलून टाकलं. त्याने मला जवळ बसवलं. मग हळूच म्हणाला, दादा, मलाही तुझाच संशय होता. त्याची म्हैस पावसात आटली तेव्हा त्याला माझीच नजर वाटली होती! आम्ही दोघे इतके हसलो की त्याची बायको आतून धावत आली.

पालखी आपल्या दारच्या खळ्यात आली तेव्हा पुढे बाबू होता. मी कडेला होतो, डोळे कुठे ठेवावेत कळेना. नाचता नाचता तो माझ्यासमोर थांबला आणि दांड्याला हात लाव म्हणाला. चपला काढल्या, हात लावला. ढोल वाजत होते म्हणून बरं, माझा हुंदका कुणाला ऐकू गेला नाही.

फक्त एक गोष्ट मनातून जात नाही. म्हशीसाठी त्याने गणपतीआधीच्या अमावस्येला उतारा काढला होता, कुंकू लावलेला नारळ आमच्या गडग्यावर ठेवला होता, हे त्यानेच त्या दिवशी सांगितलं. माझी टाच त्यानंतरच धरली. ताई, तो नारळ माझ्याकडून ओलांडला तर गेला नसेल?

तुझ्या उत्तरासाठी पोस्टमनकडे डोळे लावून बसलेला,
रामा


राजापूर,
२७ मार्च २०२५

चि. रामा यास अनेक आशीर्वाद.

तू तो नारळ ओलांडला नाहीस. तो नारळ सकाळी फुलं काढताना सगुणेला दिसला. चांगला भरलेला, पाणी वाजणारा होता. कुंकू पाहून ती काय ते समजली. पण तुला सांगितलं असतं तर तू घर डोक्यावर घेतलं असतंस, आणि नारळ टाकवेनाही. तिने कुंकू धुतलं आणि चतुर्थीच्या मोदकांच्या सारणात तो खवून घातला. विघ्नं घ्यायलाच बसलाय गणपती, त्याचं तो बघून घेईल, असं मला त्याच आठवड्यात सांगून तिने तोंड बंद ठेवायला लावलं होतं. ते आज उघडते.

तेव्हा तो उतारा आधी देवाने खाल्ला, मग तू ताट भरून खाल्लास, आणि शेजारधर्म म्हणून सगुणेने डबा भरून बाबूकडेही धाडला. त्याने डबा चाटूनपुसून परत केला, सारण फक्कड झालंय म्हणाला.

आता हे बाबूला सांगायचं की नाही, ते तुझं तू ठरव. सांगणार असशील तर गडग्यावरून ओरडू नकोस. त्याच्या पडवीपर्यंत चालत जा, चपला घालून.

दोन्ही घरांना सारखाच आशीर्वाद देणारी,
ताई