तीन पिवळे ठिपके

४ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

घेतली! नको होती तरी घेतली.

सुप्याच्या यार्डात लिलावाच्या गाड्या बघायला गेले होते. सगळ्या ठोकलेल्या, चेपलेल्या. मला एक इंजिन पाहिजे होतं, बाकी काही नाही. पांढऱ्या गाडीपाशी आले. नाक पार आत गेलेलं, इंजिनाचा चुरा. पुढं निघणार, तर ड्रायव्हरच्या सीटबेल्टच्या, पट्ट्याच्या, वरच्या कडीवर तीन पिवळे ठिपके!

माझे ठिपके. आमच्या जुन्या पार्टांच्या दुकानातून गेलेल्या प्रत्येक पार्टावर मीच ऑइलपेंटनं देते. गिऱ्हाईकानं दुसऱ्याचा खराब माल आणून माझ्या गळ्यात मारू नये म्हणून.

केडगावचा भंगारवाला हनुमंत शेजारीच होता. मी मोबाईलवर बोली चढवत गेले तसा दात काढायला लागला. "आक्का, इंजिन न्हाई, बोनेट न्हाई. सत्यनारायण घालायचाय का ह्या गाडीत?"

म्हटलं, तू प्रसादाला ये.

५ फेब्रुवारी, बुधवार

क्रेननं आणून टाकली. लिंबाखाली उभी केलीय. कोणाला हात लावू दिला नाही.

ड्रायव्हरच्या बाजूला काचेला आतून डोकं लागलंय. कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकलीय. असल्या काचा शंभर बघितल्या असतील, त्यांच्यासमोर बसून भाकर खाल्लीय. आज तिकडं पाठ करून जेवले.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आठवलं. नसतं आठवलं तर बरं झालं असतं.

हा पट्टा कोपरगावकडच्या एका लाल गाडीतला. ती पण ठोकलेलीच. आमचे हे, रामहरी, होते तोवर ठोकलेली गाडी आली की आधी कात्री घेऊन तिचे पट्टे कापायचे. मग बाकीचं काम. "बायडे, ह्यानं एकदा मानूस झेललाय. आता ह्याच्यात जीव न्हाई ऱ्हायला." मी भांडायचे. चांगला माल कापता! नवा कोरा दिसतोय!

हे गेले. दुसऱ्याच महिन्यात मी पहिला पट्टा विकला, तो हाच. राहुरीचा एक मिस्त्री घेऊन गेला. मी धुऊन, पुसून, ठिपके देऊन दिला.

कात्री अजून खिळ्याला लटकलीय.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

भर दुपारी, वारा नाही काही नाही — आन् गाडीतून टक् टक्! लांबूनच बघितलं. पट्ट्याचं टोक लोंबतंय, बाकी काही नाही. परत येऊन बसले, तर परत टक् टक्! दार लावायला गेले. चेपलंय, लागतच नाही. दोरीनं आवळून बांधलं.

गाडी चालवणाऱ्यानं पट्टा लावलाच नसेल. लई जण तो सीटच्या मागून लॉक करतात, ते टूं टूं वाजू नये म्हणून. तसंच असेल. देवा, तसंच असू दे.

आत जाऊन बघायची हिंमत नाही. मी! जिला यार्डात सगळे बिचकतात!

८ फेब्रुवारी, शनिवार

गाडी आली त्याच दिवशी पलीकडच्या दारातून हात घालून खणातला सर्व्हिसचा कागद काढला होता. मालकाचं नाव कानिफनाथ, गाव देवळाली प्रवरा. एसटीनं गेले. रस्त्याला सगळ्या उसाच्या ट्रॉल्या, जीव नकोसा झाला.

त्याची आई लंकाबाई ओट्यावर तूर निवडत होती. म्हटलं, तुमची गाडी मी घेतलीय, हा तुमच्या पोराचा गॉगल राहिला होता आत. तिनं घेतला आन् सुपात ठेवला, तुरीवर. भिंतीवर पोराचा फोटो. हार नाही.

मी बघतेय हे तिला कळलं. "न्हाई घालनार हार. खोटारडा हाय त्यो."

रोज निघताना तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायचा म्हणे, पट्टा लावीन. "पोलीस म्हनले, पट्टा न्हवता. विम्याचा सायेब म्हनला, पट्टा न्हवता, म्हून काचंवर गेला. आवो, आईच्या डोक्यावर हात ठिवून खोटं बोलला! नवा आभाळी शर्ट हुता अंगात. म्याच इस्त्री करून दिल्ता."

चहा पिऊन निघाले. एसटीत खिडकीकडं तोंड करून हसले. सुटले! पट्टा नव्हताच!

हसले मी. लाज नाही वाटली.

९ फेब्रुवारी, रविवार

दोरी सोडली. गाडीत त्याच्या सीटवर बसून बघितलं.

पट्ट्याची पत्ती अजून लॉकमध्ये आहे. पट्टा सीटच्या पुढूनच आलाय, मागून नाही. खालची शिवण उसवून टोक सुटलंय. तेच लोंबतं टोक सगळ्यांना दिसलं, लॉक कोणी बघितलंच नाही. छातीवर येतो तिथं आभाळी दोरे. घासून वितळलेत, पट्ट्यात चिकटून बसलेत. नखानं खरवडले, निघेनात.

लावला होता.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळपासून गोदामातले जुने पट्टे कापतेय. सगळे. कात्री बोथट झाली, बोटाला फोड आला. सून, रेश्मा, दारात येऊन उभी. "आत्या, येड लागलं का? चांगला माल कापताय!"

ह्यांना मी बोलायचे तेच शब्द तिच्या तोंडी.

एकच राहिलाय, पांढऱ्या गाडीतला. तो कापून जाळला तर कोणाला काय कळणार? कोणालाच नाही. तिच्या पोरावर खोटेपणा राहील, मी मोकळी.

आज टक् टक् नाही. लिंबाखाली सगळं गप आहे. त्याच्यापेक्षा वाजलेलं बरं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

लंकाबाईच्या ओट्यावर पट्टा ठेवला. दोरे दाखवले. म्हटलं, पोरानं लावला होता. तुटला तो पट्टा माझा, मीच विकलेला.

ती लई वेळ दोऱ्यांवरून बोट फिरवत राहिली. मग उठली, आत गेली, फोटोला हार घातला. बाहेर आली आन् माझ्याकडं बघितलं.