गालावरच्या तारा

३ जून
आज ताईकडे बस्तान बसवलं. तिला आठवा महिना लागलाय आणि भावजी कामासाठी लांब, म्हणजे मी पाहुणी कमी, पहारेकरी जास्त. नोकरीही झकास मिळाली: एका प्रयोगशाळेत हेडफोन लावून माणसांचे आवाज ऐकायचे. शब्द नाहीत, नुसतं हसणं, हुंदके, कण्हणं, सुस्कारे. गालांना तारा चिकटवतात. ऐकताना आपला चेहरा नकळत काय करतो, ते यंत्र टिपतं. ताई म्हणाली, ऐकायचेच पैसे मिळत असतील तर माझं घोरणंही हिशेबात धर.

५ जून
प्रयोगशाळेतल्या मॅडमनी आलेख दाखवला. दुसऱ्याचं हसणं ऐकलं की बहुतेकांचे गाल किंचित वर जातात म्हणे. माझे ढिम्म. माझे वर गेले ते कण्हण्याला. यंत्र बिघडलं असेल, मी म्हणाले. त्यांनी तारा बदलल्या, पुन्हा तेच. मॅडमनी खुर्ची जराशी मागे घेतली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

८ जून
दुपारी ताईचं बोट दारात चेमटलं. ती कळवळली आणि मी धावले. मनापासून धावले, देवाशप्पथ! ती बोट धरून माझ्याकडे बघतच राहिली. हसतेस काय गं, म्हणाली. मी नाही म्हटलं आणि बेसिनवरच्या आरशात पाहिलं. जेवताना मान वर करायची हिंमत झाली नाही.

९ जून
नोकरी सोडली. तारा नाहीत, तरी गाल ओढल्यासारखे वाटतात. जिन्यात शेजारचं पोर पडून रडत होतं. मी चपला घालत होते. ते गप्प होईपर्यंत घालतच राहिले.

१२ जून
ताईला सांगायला हवं, मला घालवून दे. पण कुठल्या तोंडाने सांगू? ती माझ्याच भरवशावर आहे. आज तिच्या पाठीत कळ आली, तेव्हा मी मुद्दाम स्वयंपाकघरात गेले. दाराआड उभी राहून ऐकलं. सगळं ऐकलं.

१४ जून, सकाळ
ताई न्हाणीघरात घसरली. मी इथेच वही घेऊन बसले होते. दार उघडं आहे. फोन हाताशी आहे. मघाशी मला हाका मारत होती, आता नुसताच आवाज —

गाल दुखताहेत.

हात लिहितोय, म्हणजे चालतो. मग उचल ना फोन, मेले! लाज वाटते, खरंच वाटते, पण —

आवाज बारीक होत चाललाय. बंद पडायच्या आत —

उठते. हा एवढा एकच ऐकते आणि